आजारी पडण्याचे नाटक

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला मी तुमच्यासमोर येते ती तोंडाला रंग लावून. कधी खाष्ट सासू, कधी भांडखोर शेजारीण, आणि एकदा तर मिशा लावून पोस्टमन. रंग न लावता उभे राहण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे पाय जरा कापत आहेत, ते सांभाळून घ्यावे.

अध्यक्षीणबाईंनी मला सांगितले की, तुम्ही चौघीजणी मेडिकल कॉलेजात जाऊन काय करता त्याची एकदा सर्वांना नीट माहिती द्या. कारण गावात त्याबद्दल नाना तऱ्हेच्या गोष्टी बोलल्या जातात. कोणी म्हणतात, आमच्यावर औषधांचे प्रयोग चालतात. कोणी म्हणतात, आम्ही नर्सचा कोर्स करतो. आमच्या घरी "चांगली धडधाकट असताना आजारी पडायला निघाली" अशी थट्टा होते, आणि खरे पाहता तेच उत्तर बरोबर आहे.

झाले असे. २०२३ च्या नवरात्रात आपण नाटक केले, ते पाहायला कॉलेजातील एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. पडदा पडल्यावर त्या आत आल्या. आम्हाला वाटले, कौतुक करून जातील. तर त्या म्हणाल्या, "मला तीन-चार पेशंट हवे आहेत. खोटे. याल का?"

मग त्यांनी समजावून सांगितले. डॉक्टर होणाऱ्या मुलांना हाडे, शिरा, औषधे हे सारे पुस्तकातून शिकता येते. पण समोर बसलेल्या माणसाशी बोलायचे कसे, हे पुस्तकातून येत नाही. २०१९ पासून आपल्या देशात एमबीबीएसच्या मुलांना पहिल्या वर्षापासून वागणे, नीती आणि रुग्णाशी बोलणे हा भाग मुद्दाम शिकवतात. पण सराव करायचा कोणावर? खऱ्या रुग्णावर करावा, तर तो बिचारा आधीच दुखण्याने बेजार झालेला. त्याच्यापुढे दहा मुलांनी दहा चुका केल्या तर तो काय बोलणार? आणि चूक कोणती झाली ते मुलांना कळणार कसे? रुग्ण काही डॉक्टरला "तुम्ही मला नीट विचारले नाही" असे तोंडावर सांगत नाही. तो गोळ्या घेऊन घरी जातो, आणि फार तर पुन्हा त्या पायरीला पाय लावत नाही.

नाटकातल्या रुग्णाला मात्र ते सांगता येते. नाटक थांबवता येते, पुन्हा पहिल्यापासून करता येते.

ही कल्पना आपल्या डॉक्टरीणबाईंची नव्हे. त्यांनीच ती हकिकत सांगितली, ती मला फार आवडली म्हणून सांगते. अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज नावाचे मेंदू आणि मज्जातंतूंचे डॉक्टर होते. ते स्वतः शिकत असताना त्यांनी एका रुग्णाची गोष्ट ऐकली. त्याला परीक्षेसाठी बसवले होते. एकामागून एक डॉक्टर येऊन त्याला तपासत होते. त्यांतला एकजण इतका धसमुसळा आणि उर्मट निघाला की, या रुग्णाने त्याला चांगलाच धडा शिकवला. ज्या पायात दोष होता तो सोडून त्याने दुसऱ्याच पायात दोष दाखवला! पडून राहिलेला माणूसही असे नाटक करू शकतो, हे बॅरोज यांच्या मनात राहिले. पुढे १९६३ साली, कॅलिफोर्नियात शिकवत असताना, त्यांनी एका बाईला रुग्ण बनवले. या बाई चित्रकारांपुढे मॉडेल म्हणून बसणाऱ्या. रोज मॅकविल्यम्स त्यांचे नाव. दोन्ही पायांतली शक्ती गेलेल्या एका खऱ्या रुग्णबाईचे दुखणे त्यांनी हुबेहूब उभे केले, आणि विद्यार्थ्यांनी त्यांना तपासले. त्या वेळी वर्तमानपत्रांनी खूप टवाळी केली म्हणे. मेडिकल कॉलेजात आता सिनेमा शिरला, असे लिहिले. आपल्या गावातल्या बोलण्यापेक्षा ते काही वेगळे नाही. आज जगभर डॉक्टरांच्या शिक्षणात, कित्येक ठिकाणी परीक्षेतसुद्धा, असे खोटे रुग्ण असतात.

आणि आपल्या मराठी माणसाला तर डॉक्टर आणि नाटक यांची जोडी नवी नाही. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. डॉ. जब्बार पटेल मुलांचे डॉक्टर, डॉ. मोहन आगाशे मनाच्या आजारांचे. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या 'घाशीराम कोतवाल'चे पटेल दिग्दर्शक आणि आगाशे त्यातले नाना फडणवीस. माझ्या मनात आले, एवढे डॉक्टर आपल्या रंगभूमीवर येऊन गेले, तर आपण चौघींनी त्यांच्या वर्गात जायला काय हरकत आहे? तरी भीती होतीच. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. डॉक्टरांना मी काय शिकवणार? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही शिकवायचे नाही. तुम्हाला कसे वाटले एवढेच खरे सांगायचे."

आम्हाला प्रत्येकीला एक कागद मिळतो. त्यावर रुग्णाचे वय, घरात कोण कोण, दुखणे काय, केव्हापासून, हे लिहिलेले असते. आणि खाली एक चौकट असते. चौकटीतली गोष्ट विचारल्याशिवाय सांगायची नाही. तीच त्या दुखण्याची किल्ली असते. विद्यार्थ्याने नीट, धीराने विचारले तर सांगायची. झटकून विचारले तर गिळून टाकायची.

माझी पहिली भूमिका क्षयाच्या रुग्णाची. साध्या क्षयाला सहा महिने न चुकता गोळ्या घ्याव्या लागतात, आणि या बाईने दुसऱ्याच महिन्यात सोडलेल्या. चौकटीत लिहिले होते की, सासरी आजार कळू नये म्हणून ती गोळ्या पिठाच्या डब्यात लपवते. आणि सासू पाहुणी राहायला आल्यापासून स्वयंपाकघरात एकटी अशी ती कधी नसतेच. एक मुलगा समोर बसला. हुशार असावा. त्याने पटापट विचारले आणि शेवटी म्हणाला, "अहो काकू, मध्येच गोळ्या सोडल्या तर काय होते, तुम्हाला कळत नाही का?"

भगिनींनो, मला काही क्षय झालेला नव्हता. मी सकाळी घरची भाकरी-भाजी करून रिक्षाने तेथे गेलेली होते. पण "कळत नाही का" हे शब्द ऐकताच माझे डोळे भरून आले, आणि पिठाच्या डब्याची गोष्ट माझ्या तोंडातून निघेना. निघायला नकोच होती, पण मी मुद्दाम अडवली नव्हती. ती आपोआप आत गेली. खेळ संपल्यावर मी त्याला हे सांगितले. तो मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, "घरी आई आजीला असेच बोलते, म्हणून मला ते रागावण्यासारखे वाटलेच नाही." त्याने पुन्हा पहिल्यापासून केले. दुसऱ्या वेळी त्याला डबा सापडला.

आता मुख्य गोष्ट सांगते, जी सांगण्यासाठी मी खरी उभी आहे.

गेल्या वर्षी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऐकू न येणारी बाई दवाखान्यात आली तर मुले कशी वागतात ते पाहायचे आहे. मी लगेच म्हटले, मी करते. आपल्या मंडळात बहिऱ्याचे काम मी दोन फार्सात केले आहे, आणि टाळ्याही घेतल्या आहेत. तालमीत मी कानामागे हात धरला, मान पुढे काढली आणि "काSSय?" म्हणून ओरडले. सगळ्या हसल्या.

आपल्या पडद्यामागच्या ताई तेथे बसल्या होत्या. तुम्ही सर्वजणी त्यांना ओळखता. लहानपणी तापात त्यांची श्रवणशक्ती गेली. ओठांवरून त्या बोलणे ओळखतात, आणि बोलतातही. पंधरा वर्षे आपल्या प्रत्येक नाटकाचे कपडे त्यांनी शिवले, पण या पंधरा वर्षांत त्यांना एक वाक्याचे काम द्यावे असे आपल्यापैकी एकीच्याही मनात आले नाही. बहिऱ्याचे कामसुद्धा आपण ऐकू येणाऱ्यांनीच केले. ताईसुद्धा त्या दिवशी हसल्या. मग म्हणाल्या, "छान करतेस. पण आम्ही असे करीत नाही. 'काय काय' विचारले की लोक वैतागतात. आम्ही ऐकू आल्याचे सोंग करतो. मान हलवतो."

मैत्रिणींनो, हे ऐकले आणि माझ्या पोटात एकदम खड्डा पडला. कारण मला आमच्या वन्सं दिसल्या.

हे मी त्यांना विचारून सांगते आहे. त्या दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. आमच्या वन्सं जन्मापासून ऐकू शकत नाहीत, बोलतही नाहीत. त्यांच्या लहानपणी जवळपास तशी शाळा नव्हती, म्हणून शाळेच्या खुणांची भाषा त्यांना मिळाली नाही. आमच्या घरच्या अशा काही खुणा आहेत, त्यांवर आमचे सारे चालते. लग्न होऊन मी आले तेव्हापासून त्यांना दवाखान्यात नेणे माझ्याकडे. मी त्यांची जीभ आहे, असे सासूबाई कौतुकाने म्हणत, आणि मलाही त्याचा अभिमान होता.

२०१७ च्या मार्चमध्ये त्या वारंवार छातीवर हात ठेवू लागल्या. मी त्यांना एका दवाखान्यात नेले. गर्दी फार होती. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही, मलाच विचारले, "काय होतंय त्यांना?" मी म्हटले, "छातीत जळजळते. तिखट खातात फार." जेवणानंतर होते का? मी म्हटले, हो. झोप लागते का? मी म्हटले, हो. अधूनमधून मी वन्संकडे पाहत होते, आणि त्या मान हलवत होत्या. दोन मिनिटांत पित्ताच्या गोळ्या घेऊन आम्ही बाहेर. मला वाटले, काम झाले.

त्या वर्षीच्या दिवाळीत, अभ्यंगाच्या पहाटे, मी त्यांच्या अंगाला तेल लावीत होते. काखेजवळ माझ्या बोटांना गाठ लागली.

पुढचे सविस्तर सांगत नाही. ऑपरेशन झाले, स्तन काढावा लागला, केमो झाली, केस गेले आणि पुन्हा आले. आज त्यांची तब्येत चांगली आहे, वर्षाची तपासणी दर वेळी ठीक येते, ही देवाची कृपा आणि त्या दुसऱ्या इस्पितळातील डॉक्टरांचे हात. पण सात महिने गेले ते गेलेच. इतकी वर्षे मी त्याचा दोष त्या पहिल्या डॉक्टरांना देत होते. त्यांनी तपासले नाही, हे खरेच. पण ताईंचे ते वाक्य ऐकून घरी आले, आणि पहिल्यांदा वन्संना खुणेने विचारले की, त्या दिवशी तुम्हाला काय सांगायचे होते? त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून बोराएवढे गोल करून दाखवले. ते काखेपाशी नेले. मग आपला हात उचलून माझ्या तोंडावर ठेवला.

तो रागाने ठेवला होता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर मी डॉक्टरीणबाईंना सांगितले की, बहिरीचे काम ताईंनी करावे. मी सोबतीणीचे करते. ताई आधी नको म्हणाल्या. आपल्याला पडद्यामागेच बरे वाटते म्हणाल्या. दोन दिवसांनी स्वतःच कागद मागायला आल्या.

कागद असा होता: मी धाकटी जाऊ, सगळी उत्तरे मीच द्यायची. ताईंना चक्कर येते. चौकटीत, म्हणजे फक्त ताईंना ठाऊक असे, की रक्तदाबाची गोळी परवडत नाही म्हणून त्या एक दिवसाआड घेतात आणि घरी सांगत नाहीत.

पहिला विद्यार्थी तोंडाला मास्क लावून बसला. २०२० पासून ती सवयच झाली आहे. मास्क लावल्यावर ओठ वाचणारीने काय करावे? नजर त्याची केसपेपरवर. त्याने मला अकरा प्रश्न विचारले, मी मागून मोजले. ताईंना एकही नाही. मध्ये एकदाच तो ताईंकडे वळला आणि मोठ्याने ओरडला, "बरं वाटतंय का आजी?" ओरडल्याने तोंड वेडेवाकडे होते, त्यामुळे ओठ वाचणे उलट कठीण जाते, हे त्याला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. ताईंनी मान हलवली. शिवाय त्या पन्नाशीच्या आहेत, आजी म्हटल्याचा राग त्यांना अजून आहे.

डॉक्टरीणबाईंनी या नाटकांत एक नियम ठेवला आहे. ब्राझील देशात ऑगस्तो बोआल नावाचे नाटककार होऊन गेले. त्यांच्या नाटकात अन्याय दिसला की प्रेक्षकाने 'थांबा' म्हणायचे, स्वतः उठून रंगमंचावर जायचे आणि आपण असतो तर काय केले असते ते करून दाखवायचे. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमधील शिक्षकांनी डॉक्टरी शिक्षणात कला आणि साहित्य आणण्यासाठी २००९ साली एक गट स्थापन केला, त्यांनीही ही पद्धत वापरली आहे. आमच्या वर्गात 'थांबा'ऐवजी टाळी वाजवतात.

तर एका मुलीने टाळी वाजवली. पुढे आली. आधी तिने ताईंची खुर्ची फिरवली आणि स्वतः अशी बसली की खिडकीचा उजेड तिच्या तोंडावर पडेल. थोडी मागे सरकून मास्क खाली केला. मी नेहमीप्रमाणे तोंड उघडले, तर तिने माझ्याकडे तळहात केला. "काकू, तुम्ही जरा थांबा."

मला राग आला. खोटे कशाला बोलू? नाटक आहे हे विसरून राग आला. मी एवढी घरचे सोडून हिला घेऊन आले आणि मलाच गप्प बसवते!

ती ताईंना म्हणाली, न ओरडता, सावकाश, "गोळी रोज घ्यायला जमते का?" ताईंनी मान हलवली नाही. थोडा वेळ त्या मुलीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "दिवसाआड." चौकट उघडली. पण ताई तेथे थांबल्या नाहीत. कागदावर नसलेले बोलू लागल्या. म्हणाल्या, "मी मागे एकदा खरीच आले होते दवाखान्यात. नऊ वाजता नंबर लावला. माझा नंबर दोनदा पुकारला म्हणे. मला ऐकू आला नाही. एक वाजता शिपाई म्हणाला, ओपीडी बंद. मी घरी गेले." वर्गात चाळीस-एक मुले असतील, एकही आवाज नाही. आता तेथे नंबर पुकारतात आणि फळ्यावरही लिहितात. कधी लिहितात, कधी विसरतात.

आज संध्याकाळच्या नाटकात ताईंचे काम आहे, हे जाता जाता सांगते. बहिरीचे नाही, वकिलीणबाईचे.

शेवटची हकिकत गेल्या महिन्यातली. डॉक्टरीणबाईंनी वन्संना बोलावले. भूमिका करायला नव्हे, नुसते भेटायला. मुलांनी त्याआधी थोड्या खुणा शिकून घेतल्या होत्या. दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषेची सरकारी संस्था आहे, तिने केलेला कोश आता मोबाईलवर पाहता येतो. २०२१ च्या आवृत्तीत दहा हजार शब्द आहेत. 'दुखते', 'कोठे', 'केव्हापासून' अशा खुणा मुले छान करू लागली होती. पण आमच्या वन्संच्या खुणा घरच्या. एका मुलाने 'कोठे दुखते' ची खूण केली, वन्संनी त्याच्याकडे पाहून हसून मान हलवली. मी समजले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तो मुलगा बराच वेळ गोंधळून बसला. मग त्याने वहीतला कोरा कागद फाडला आणि त्यावर एक बाई काढली. चित्र काही खास नव्हते, हात तर लाटण्यासारखे. पण त्याने तिला वन्संसारखी वेणी काढली, नाकात चमकी काढली, आणि पेन वन्संच्या हातात दिले. वन्सं चित्राकडे पाहून इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आले. मग त्यांनी पेन घेतले, खाली नेले आणि त्या बाईच्या उजव्या गुडघ्यावर गोल काढला. गोलावर गोल, गोलावर गोल, कागद फाटेपर्यंत.

गुडघा. आम्ही एका घरात राहतो, आणि मला माहीत नव्हते.

पुढच्या मंगळवारी आम्ही दाखवून आलो. आत मी दाराजवळच्या स्टुलावर बसले आणि तो कागद वन्संनी स्वतः डॉक्टरांपुढे ठेवला. झीज निघाली आहे. व्यायाम दिला आहे, तो त्या सकाळी नेमाने करतात, आणि मला हाताला धरून शेजारी बसवून करायला लावतात.